बोल्टच्या डोक्यावरचे आठ मायक्रॉन

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने साठच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनवायला घेतलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली ही गाडी धंद्यातून गेली, तरी घरांतून गेलेली नाही. पुण्यात, कोल्हापुरात, रत्नागिरीत, पणजीत कुणाच्या तरी पडवीत किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात वडिलांची फियाट उभी असते आणि एके दिवशी घरातल्या कुणाला तरी ती पुन्हा चालती करावीशी वाटते. मग गाडी नट-बोल्टापर्यंत सुटी होते, कुजलेला पत्रा कापून नवा जोडला जातो, इंजिन बांधून होते, बंपरला नवे क्रोम चढते. खर्च लाखांत जातो.

दोन पावसाळे गेल्यावर अशी गाडी जवळून पाहावी. वरच्या रंगाला सहसा काही झालेले नसते. पण बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टखालून तपकिरी ओघळ उतरलेला असतो, दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड आलेले असतात, सायलेन्सरच्या क्लॅम्पचा नट पान्याला दाद देत नाही. रंगाची छटा ठरवायला आठवडे गेलेले असतात. बोल्ट मात्र रॉकेलमध्ये धुऊन, वायर ब्रश मारून होते तसेच परत लावलेले असतात. नव्याने उभारलेली गाडी पुन्हा खराब व्हायला लागते ती याच बारक्या जागांपासून, आणि या जागा वाचवण्याचे शास्त्र चांगलेच विकसित झालेले आहे. ते महागही नाही. फक्त गाडी जोडायला घेण्याआधी त्याचा विचार व्हावा लागतो.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. मीठ असले की काम भराभर होते. पण गंज नेमका कुठे लागतो, हे समजून घ्यायला केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांचा एक जुना प्रयोग फार उपयोगी आहे. १९२० च्या दशकात त्यांनी घासून लख्ख केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात रंग बदलून खूण दाखवणारी दोन रसायने मिसळली होती. थोड्या वेळात थेंबाच्या मधोमध निळा रंग उमटला, कडेला गुलाबी, आणि दोहोंच्या मधे गंजाचे तपकिरी कडे. निळ्या जागी लोखंड विरघळत होते. गुलाबी जागी हवेतून पाण्यात आलेला ऑक्सिजन लोखंडातले इलेक्ट्रॉन उचलत होता. थेंबाची कड पातळ, म्हणून तिथे ऑक्सिजन भरपूर; मध्यभागी तो पोहोचेपर्यंत संपतो. धातू खाल्ला जातो तो जिथे ऑक्सिजन कमी पोहोचतो तिथेच.

गाडीतल्या प्रत्येक फटीला हे लागू आहे. वायसरखाली, दोन पत्र्यांच्या स्पॉट वेल्डमधल्या दुमडीत, पायाखालच्या नमद्याच्या तळाशी पाणी शिरते आणि वाळत नाही. उघड्यावरचा पत्रा पावसानंतर तासाभरात कोरडा होतो. ही जागा आठवडाभर ओली राहते आणि आतल्या आत कुरतडली जाते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होऊ शकते. आट्यांमध्ये तयार झालेला गंज नटाला आतून आवळतो, पत्र्याच्या दुमडीतला गंज ती दुमड फुगवून उघडतो, आणि उघडलेल्या दुमडीत आणखी पाणी शिरते.

हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर गंजायला पुरेल इतका पाण्याचा पातळ थर बसतो. पृष्ठभागावर मीठ साचलेले असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही तो थर टिकतो, कारण मीठ हवेतले पाणी ओढून घेते. मुंबईत जुलैमध्ये सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे असते. म्हणजे पावसाचा एक थेंब न लागताही बंद गॅरेजमधली गाडी महिनोन्महिने ओली असते.

हवा किती गंजवते, हे मोजायला आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हवामानाच्या पायऱ्या केल्या आहेत. मध्यम पायरीवर, म्हणजे सी-३ मध्ये, उघड्या पोलादाचा पहिल्या वर्षात २५ ते ५० मायक्रॉन थर जातो आणि जस्ताचा ०.७ ते २.१ मायक्रॉन. समुद्रकाठच्या कडक पायरीवर, सी-५ मध्ये, हेच आकडे पोलादासाठी ८० ते २०० आणि जस्तासाठी ४.२ ते ८.४ मायक्रॉन होतात. आता बाजारात मिळणाऱ्या चकचकीत बोल्टचा विचार करावा. त्यावरचा जस्ताचा थर बहुधा पाच ते आठ मायक्रॉनचा असतो. आठ मायक्रॉन धरले, तर मध्यम हवेत हा थर अंदाजे चार ते अकरा वर्षे पुरेल आणि समुद्राच्या अगदी काठावर, उघड्यावर, एक ते दोन वर्षे. दोन्हीकडचा बोल्ट एकाच दुकानातून आलेला असला तरी हिशेब असाच राहील. लाटांतून उडणारे मीठ किनाऱ्यापासून आत जाताना झपाट्याने कमी होते, पहिल्या काही शे मीटरांतच त्यातले बरेचसे खाली बसते. त्यामुळे मुरूडच्या किनाऱ्यावरच्या घरातली जीप आणि घाटमाथ्यावरच्या गावातली जीप यांना एकच उपाय सांगणे चुकीचे ठरते.

काम सुरू होते ते गाडी सुटी करण्यापासून. घाई केली तर निम्मे बोल्ट इथेच तुटतात. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री आत मुरणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडावे, नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. तरी हलला नाही तर नटाला उष्णता द्यावी म्हणजे तो फुगून आटे सुटतात; पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि रबर यांच्या आसपास मात्र ज्योत न्यायची नाही. सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागेचे नाव लिहिलेल्या पिशवीत जावा. फियाटचे आटे मेट्रिक, जुन्या जीपचे आणि अँबॅसिडरचे इंची. दोन गाड्यांचे काम एकाच गॅरेजात चालू असेल तर पिशव्यांची सरमिसळ महागात पडते. इंची बोल्ट मेट्रिक नटात दोन फेरे जातो आणि मग दोघांचेही आटे मारतो. आटे साफ करतानाही धारदार टॅप-डाय फिरवू नये, ते निरोगी धातूही कापून काढतात. आटे नुसते सरळ करणारा चेसर वापरावा.

मग गंज काढायचा. वायर ब्रश वरचा गंज काढतो आणि खड्ड्यांतला चोळून चकचकीत करतो, त्यामुळे फसगत होते. ब्लास्टिंग चांगले, पण त्यासाठी नदीची किंवा समुद्राची वाळू कधीही वापरू नये. वाळूतल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. समुद्राच्या वाळूबरोबर मीठही पत्र्यात रुतते. ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा काचेचे मणी घालून तेच काम होते.

घरच्या घरी बारके भाग साफ करायला विजेची पद्धत सुंदर आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार साध्या लोखंडाच्या तुकड्याला. विजेमुळे गंज सुटून ढिला होतो आणि खालच्या निरोगी धातूला धक्का लागत नाही. तीन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात. धन तारेला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातून विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात उतरते. सोड्याऐवजी मीठ टाकू नये, क्लोरीन निघतो. आणि बादली उघड्या हवेत ठेवावी, कारण भागावरून उठणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

खड्ड्यांत उरलेला गंज रासायनिक रीतीने बांधूनही ठेवता येतो. बाजारातल्या रस्ट कन्व्हर्टरमध्ये बहुधा फॉस्फोरिक आम्ल किंवा टॅनिन असते. फॉस्फोरिक आम्ल गंजाचे लोहाच्या फॉस्फेटमध्ये रूपांतर करते, टॅनिन त्याचे निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे टॅनेट बनवते. उत्खननात सापडलेल्या लोखंडी वस्तू जपायला संग्रहालयांत टॅनिक आम्ल वापरतात ते याच कारणाने. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आदिवासी कुटुंबे जो हिरडा गोळा करतात, त्यात हेच टॅनिन भरपूर असते. हिरडा आणि लोखंड यांच्या संयोगातून काळा रंग काढण्याची कला आपल्याकडच्या रंगाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरी कन्व्हर्टरची मर्यादा ओळखावी. तो पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतो. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर फासला तर वरचा पापुद्रा काळा होतो आणि आतला जिवंत राहतो.

फॉस्फेटचे पोलादाशी नाते जुने आहे. दिल्लीचा लोहस्तंभ सुमारे सोळाशे वर्षे उभा आहे. त्याचा अभ्यास करणारे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमणियम यांनी त्याच्या टिकण्याचे श्रेय लोखंडातल्या जादा फॉस्फरसमुळे बनलेल्या संरक्षक थराला दिले. ठरवून फॉस्फेटचा थर देण्याचे पेटंट टॉमस कॉस्लेट या इंग्रज गृहस्थाने १९०६ मध्ये घेतले. आज मोटारीच्या पत्र्याला रंगाआधी जो फॉस्फेटचा थर देतात तो याच कल्पनेचा वंशज. हा थर सच्छिद्र असतो, एकटा गंज थोपवत नाही, पण तेल किंवा रंग धरून ठेवतो. बॉनेटची स्प्रिंग, बिजागऱ्या, इंजिनच्या आतले बोल्ट यांना काळा फॉस्फेट आणि वर तेल हीच मूळची योजना असते. चमकावे म्हणून त्यांना जस्त चढवणे हे सुधारणेच्या नावाखाली केलेले नुकसान आहे.

बाकी बहुतेक नट-बोल्ट, ब्रॅकेट, क्लिपा यांना जस्त हवे. जस्त लोखंडाला दोन प्रकारे वाचवते. आधी पाणी अडवते. आणि ओरखडा पडून लोखंड उघडे झालेच, तर स्वतः झिजून लोखंडाला झिजू देत नाही. एका धातूने दुसऱ्यासाठी झिजण्याची ही युक्ती हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर करून पाहिली होती. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडल्यावर तांबे खरोखरच झिजायचे थांबले. फक्त न झिजणाऱ्या तांब्यावर शिंपले आणि शेवाळ माजले आणि जहाजे मंदावली. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट घेतले. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा आणि बादली आली ती तिथून.

बोल्टला मात्र बुडवून दिलेले जाड जस्त चालत नाही, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. आट्याचे उतार ६० अंशांचे असल्यामुळे थराची जितकी जाडी, त्याच्या चौपटीने आट्याचा परिणामी व्यास वाढतो. आठ मायक्रॉनचा थर म्हणजे ३२ मायक्रॉन. इतकी जागा नटात असते. बुडवून दिलेला थर सहज ५० मायक्रॉनचा असतो, म्हणजे व्यास २०० मायक्रॉनने वाढला. असा बोल्ट नटात जात नाही, किंवा नट मुद्दाम मोठा कापावा लागतो. विद्युत प्लेटिंगची निवड होते ती यासाठी.

भोसरी, अंबड, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींत झिंक प्लेटिंगवाल्यांची वाण नाही. अडचण वेगळीच असते. त्यांचे काम शेकडो किलोंच्या हिशेबाने फिरत्या पिंपांत चालते आणि हौशी माणूस दोन किलो जुने बोल्ट घेऊन येतो. ते पिंपात गेले की दुसऱ्याच्या मालात हरवतात. अनुभवी लोक बोल्ट तांब्याच्या तारेत ओवून देतात, आधी प्रत्येकाचा फोटो काढतात, मोजून देतात आणि मोजून घेतात. देण्याआधी ग्रीस, रंग आणि गंज पूर्ण काढलेला असावा. प्लेटिंग घाण झाकत नाही, ती घाणीवर चढतच नाही.

जस्तावर शेवटी पॅसिव्हेशनचा थर येतो. तो नसेल तर पहिल्याच दमट आठवड्यात जस्तावर पांढरी बुकटी धरते. जुन्या गाड्यांच्या बोल्टवर दिसणारी इंद्रधनुषी झाक असलेली पिवळसर सोनेरी छटा या थराची. त्या काळी तो हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचा असे, आणि कित्येक भागांवर जस्ताऐवजी कॅडमियम असे. दोन्ही विषारी. युरोपीय संघाने जुन्या वाहनांच्या विल्हेवाटीसाठी केलेल्या कायद्यानुसार जुलै २००७ पासून नव्या मोटारींतल्या अशा संरक्षक थरांतून हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हद्दपार झाले. आज ट्रायव्हॅलंट क्रोमियमवर तशीच पिवळी छटा देता येते. गाडी मूळ रूपात हवी म्हणून जुने विषारी पॅसिव्हेशन मागणाऱ्यांनी त्या टाकीपाशी दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराचा विचार करावा. ट्रायव्हॅलंटवर एक सीलर मारून घेतला तर टिकाऊपणातही फारसे उणे राहत नाही.

या सगळ्या कामात एक धोका असा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही आणि जिवाशी खेळतो. आम्लात साफ करताना आणि विजेने प्लेटिंग करताना बोल्टच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो. त्याचे अणू इतके लहान की ते पोलादात शिरतात. साध्या, मऊ पोलादाला त्याचे काही वाटत नाही. पण फार कडक पोलादात ते ताण पडलेल्या जागी गोळा होतात आणि बोल्ट कसल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुणी हात न लावता, तडकन तुटतो. सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणाऱ्या बे ब्रिजच्या नव्या पुलावर मार्च २०१३ मध्ये हेच घडले. जस्त चढवलेले उच्च ताकदीचे ९६ जाडजूड पोलादी दांडे कसले गेले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांतले ३२ तुटले. दांडे बसवलेल्या भोकांत आधी पाणी साचून राहिले होते. तपासात निदान निघाले ते हायड्रोजनमुळे आलेल्या ठिसूळपणाचे. म्हणजे हायड्रोजन नुसता प्लेटिंगच्या टाकीतूनच येतो असे नाही, कडक पोलाद पाण्यात गंजतानाही तो आत शिरतो.

बोल्टच्या डोक्यावरचे ताकदीचे आकडे वाचायला शिकावेत ते यासाठी. ८.८ लिहिलेला बोल्ट निर्धास्तपणे प्लेटिंगला द्यावा. १०.९ ला जपून, आणि प्लेटिंगनंतर लगेच, चार तासांच्या आत, सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास भट्टीत ठेवण्याची अट घालून, म्हणजे शिरलेला हायड्रोजन बाहेर पडतो. १२.९ ला विद्युत प्लेटिंग करूच नये. कडक पोलाद म्हणजे नुसते बोल्टच नव्हेत. स्प्रिंग वायसर, सर्क्लिप आणि लहानमोठ्या स्प्रिंगाही त्यात आल्या, आणि त्या इतर मालाबरोबर गपचूप टाकीत जातात. अशा भागांना जस्ताच्या बारीक कणांचा थर द्यावा. तो बुडवून आणि भाजून बसवतात, त्यात वीज नसते आणि आम्लही टाळता येते. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर मुळात जुने वापरूच नयेत. त्यांवरचा गंजाचा एक खोल खड्डा हा तुटण्याचा आरंभबिंदू असतो आणि कोणतेही प्लेटिंग खड्डा भरून ताकद परत देत नाही. तिथे नवा, खात्रीच्या दुकानातला बोल्ट घ्यावा, मग त्याची छटा मूळच्याशी जुळो न जुळो.

‘सगळे एसएसचे घालून टाकू, कटकट नको,’ हा सल्ला गॅरेजात हमखास मिळतो. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याचा अदृश्य ऑक्साइड थर गंज थोपवतो, हे खरे. पण ए२-७० लिहिलेल्या नेहमीच्या स्टेनलेस बोल्टची ताण-ताकद ७०० मेगापास्कल, तर ८.८ ची ८००. ताकद लागते तिथे हा बदल धोक्याचा आहे. दुसरे असे की स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा कसला तर आटे एकमेकांत रुतून बसतात, मग करवतीशिवाय सुटका नाही. आणि ओल्या, खारट हवेत स्टेनलेस ॲल्युमिनियमला टेकले की झिजते ते ॲल्युमिनियम. नंबर प्लेट, डॅशबोर्ड, दिव्यांच्या पट्ट्या, इथे स्टेनलेस खुशाल लावावे, तेही आट्यांना वंगण लावून.

वंगणाचा विषय निघाला की टॉर्कचा येतो. बोल्टवर पाना फिरवताना लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने दहाच टक्के बोल्ट ताणायला वापरला जातो. उरलेला डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. कारखान्याच्या पुस्तकातला टॉर्कचा आकडा एक ठरावीक घर्षण गृहीत धरून दिलेला असतो. आट्यांना अँटी-सीझ वंगण फासून तोच आकडा गाठला, तर घर्षण कमी झाल्यामुळे बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. म्हणून वंगण लावायचे असेल तिथे टॉर्क त्या वंगणाच्या माहितीपत्रकाप्रमाणे कमी करावा. चाकांच्या नटांना मात्र उत्पादकाने स्पष्ट सांगितल्याशिवाय काही लावू नये. पावडर कोटिंगच्या बाबतीतही असाच घोळ होतो. ते ६० ते १०० मायक्रॉन जाड असते आणि बोल्टच्या डोक्याखाली दाबून हळूहळू बसत जाते, मग बोल्ट ढिला पडतो. जिथे दोन भाग एकमेकांना घट्ट टेकतात ती जागा आणि अर्थिंगची जागा कोटिंगआधी झाकून घ्यायला सांगावे.

आता पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही. तिचा सांगाडा म्हणजे एकमेकांना जोडलेल्या पोकळ पत्र्याच्या पेट्या. दाराखालचे सिल, पुढचे-मागचे आडवे खांब, जॅक लावायच्या जागा, सगळे आतून रिकामे आणि आतून जवळजवळ बिनरंगाचे. सत्तरच्या दशकापर्यंत जगभरच्या गाड्यांची ही दुखरी जागा होती. ब्रिटनमध्ये लॅन्सिया बीटाच्या इंजिनखालच्या सांगाड्याला इतका गंज लागला की १९८० मध्ये कंपनीला ग्राहकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. त्याआधीच, सत्तरच्या दशकात, पोर्शेने ९११ च्या १९७६ च्या मॉडेलपासून गॅल्व्हनाइझ्ड पत्रा वापरायला घेतला होता, आणि पीपीजी या कंपनीने मोटारींसाठी कॅथोडिक इलेक्ट्रोकोट आणला. या पद्धतीत गाडीचा आख्खा सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून वीज सोडतात आणि रंग पोकळीच्या कानाकोपऱ्यात जाऊन बसतो. जुनी गाडी घरी उभी करणाऱ्याला असे कुंड मिळणार नाही, म्हणून त्याने आतल्या बाजूला मेण पोहोचवायचे.

क्रम असा. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, तोही ब्लास्टिंग झाल्यावर त्याच दिवशी. आपल्याकडे सवयीने मारले जाणारे साधे रेड ऑक्साइड पाणी शोषते. लांबीही शोषते; म्हणून लांबी नेहमी इपॉक्सीच्या वर भरावी, नागड्या पत्र्यावर नाही. पॅनेल जोडून, रंग होऊन गेल्यावर पोकळ्यांत लांब नळीच्या पिचकारीने कॅव्हिटी वॅक्स सोडावे. ते पातळ असल्याने दुमडींत ओढले जाते आणि खालच्या भोकांतून ठिबकू लागते. ठिबकले म्हणजे तळापर्यंत पोहोचले. ही भोके पाणी निथळावे म्हणून कारखान्यानेच ठेवलेली असतात, आणि अंडरकोटचा जाड काळा थर मारणारे हौसेने ती बुजवून टाकतात. त्यापेक्षा मोठा अपकार गाडीवर करता येणार नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या सिलमध्ये जो गाळ शिरला तो बाहेरून धुऊन निघण्यातला नव्हता. भोके मोकळी असलेल्या गाडीत निदान गोड्या पाण्याचा पाइप लावून तो ढकलून काढता तरी येतो.

मेणाच्या जागी लोकरीतून निघणारे लॅनोलिनही चालते. ते ओलसर राहते, ओरखडा पडला तर पुन्हा पसरते, पण दर वर्षी-दोन वर्षांनी मारावे लागते. वापरलेले इंजिन ऑइल तळाला फासण्याची जुनी रीत मात्र सोडलेली बरी. त्यात ज्वलनातून आलेली आम्ले असतात, ते रबराच्या बुशांना फुगवते आणि पहिल्या पावसात अंगणाच्या मातीत उतरते. आणि निळ्या-पिवळ्या डब्यातले डब्ल्यूडी-४०? सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ मध्ये ते बनवले ते पाणी हटवण्यासाठी. नावातला ४० हा यशस्वी झालेल्या प्रयत्नाचा क्रमांक. ओला भाग कोरडा करायला ते उत्तम आहे, पण त्याची पातळ पुटी पावसाळाभर पुरत नाही.

काम महिनोन्महिने चालते आणि साफ केलेले भाग कपाटात पडून राहतात. नागड्या पोलादाला हातांच्या घामातले मीठ पुरते. दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे गंजून उमटलेले दिसतात. भाग हातमोजे घालून हाताळावेत आणि व्हीसीआय कागदात गुंडाळावेत. या कागदातून गंज रोखणारी वाफ हळूहळू सुटते आणि बंद पाकिटात धातूवर बसते. कारखान्यांतून सुटे भाग निर्यात होतात ते अशाच कागदात. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत रात्रीच्या गारव्याने आतल्या आत दव धरते.

गाडी तयार झाल्यावर तिला प्लास्टिकचे हवाबंद आच्छादन घालू नये, हवा खेळणारे कापडी घालावे. बॅटरीखालचा ट्रे दर महिन्याला पाहावा, कारण बॅटरीतल्या सल्फ्युरिक आम्लाच्या वाफेपुढे कोणताही रंग टिकत नाही. किनाऱ्यावर फेरी झाली तर त्याच संध्याकाळी तळ गोड्या पाण्याने धुवावा. पान्याने खरवडलेल्या बोल्टच्या कोपऱ्यांवर जस्तयुक्त रंगाचा एक हात द्यावा. आणि पहिला पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत चारसहा बोल्ट मुद्दाम सोडून पाहावेत: एक बॉनेटचा, एक मडगार्डचा, एक सीटखालचा, एक डिकीच्या तळाचा. वायसरखालचे जस्त करडे पडले असेल तर ठीक, पांढरी बुकटी असेल तर ती पुसून तिथे मेण लावावे. तपकिरी डाग दिसला तर त्या भागातले सगळे बोल्ट काढून पुन्हा प्लेटिंगला पाठवावेत, आणि या वेळी आठऐवजी बारा मायक्रॉनचा थर मागावा, आटे बसतात की नाही हे एका नटावर आधी तपासून.